मका, कुपनं आणि तारा

युद्धाचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा नकाशावर शिकवला जातो. इकडचे बाण तिकडे गेले, अमुक शहर पडलं, तमुक सेनापतीनं माघार घेतली. शाळेत मलाही तो तसाच शिकवला गेला. पण बी.ए.ला असताना एक साधा प्रश्न मनात घर करून बसला. हे सगळं चाललेलं असताना रणांगणापासून हजारो मैल दूरच्या एखाद्या खेड्यात किराणा दुकान कसं चालत होतं? साखर कोण मोजून देत होतं? आठवड्याच्या बाजाराला लोक जात होते का? आणि बाजारातून घरी परतताना त्यांच्या मनात काय असायचं? अशा प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला. त्यातून मला भेटलेल्या एका गावाची गोष्ट आज सांगणार आहे.

गावाचं नाव रेड ओक. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं. मंटगमेरी काउंटीचं हे मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. पूर्व निश्नाबोटना नावाची नदी गावाजवळून वाहते. शिकागोहून ओमाहाकडे जाणारा बर्लिंग्टन कंपनीचा रेल्वेमार्ग गावातून जातो. १९४०च्या सुमारास लोकवस्ती साडेपाच हजारांच्या थोडी वर. मधोमध चौक, चौकाभोवती दुकानं, बँक, कोर्टकचेरी, धान्याची उंच कोठारं आणि गावाबाहेर पडलात की नजर पोचेल तिथवर मका.

या गावाची एक खासियत ऐकून मला फार गंमत वाटली होती. आपल्याकडे दिवाळीनंतर किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला कॅलेंडर देतो. वर चित्र, खाली तारखा आणि दुकानाचं नाव. हा जाहिरातीचा धंदा अमेरिकेत ज्या गावांतून वाढीला लागला, त्यांतलं हे अग्रणी गाव. १८८९ मध्ये इथलं एक वर्तमानपत्र चालवणाऱ्या एडमंड ऑसबर्न आणि थॉमस मर्फी या दोन तरुणांनी गावच्या होऊ घातलेल्या कोर्टाच्या इमारतीचं चित्र छापलं, त्याच्याभोवती स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती लावल्या आणि खाली तारखा जोडल्या. ते खपलं. पुढे मर्फी यांची कंपनी कलात्मक कॅलेंडरांसाठी देशभर नावाजली. तेव्हा हे गाव मक्याचं, डुकरांचं आणि कॅलेंडरांचं.

युद्ध येण्याआधीची दहा वर्षं मात्र या भागानं फार वाईट काढली होती. १९३२-३३च्या मंदीत मक्याचा भाव बुशेलला दहा सेंटांच्या आसपास घसरला. बुशेल म्हणजे मक्याचे सुमारे पंचवीस किलो. कोळसा विकत घेण्यापेक्षा मका चुलीत घातलेला स्वस्त पडायचा आणि त्या हिवाळ्यात लोकांनी खरोखरच मका जाळून घरं उबदार ठेवली. पाठोपाठ १९३४ आणि १९३६ हे दोन कोरडे दुष्काळ. शेतं गहाण पडली, बँका बुडाल्या. अशा दिवसांत तरुण पोरांना चार पैसे मिळवण्याची एक वाट होती, ती म्हणजे नॅशनल गार्ड. ही राज्याची राखीव फौज. आठवड्यातून एकदा संध्याकाळी कवायतीला जायचं, एका कवायतीला एक डॉलर. मित्र भेटायचे, गणवेश मिळायचा, खिशात डॉलर यायचा. रेड ओकच्या तुकडीचं नाव ‘एम कंपनी’. शेजारच्या विलिस्का, शेनँडोह, क्लॅरिंडा या गावांच्याही अशाच तुकड्या होत्या. एका तुकडीत सख्खे भाऊ, चुलतभाऊ, एकाच वर्गातली पोरं. हे लक्षात ठेवा, कारण गोष्टीचा सगळा भार पुढे याच डॉलरवर येणार आहे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये या तुकड्यांना बोलावणं आलं. अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती. वर्षभराचं प्रशिक्षण म्हणून पोरं रेल्वेनं दक्षिणेकडे लुइझियानाला गेली. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि परतीची वाट बंद झाली. जानेवारी १९४२ मध्ये या ३४व्या डिव्हिजनचे सैनिक उत्तर आयर्लंडला उतरले. युरोपकडे पाठवलेली ही अमेरिकेची पहिली डिव्हिजन.

इकडे गावात युद्ध शिरलं ते टायरमधून. जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यामुळे रबर तुटलं. जानेवारी १९४२ पासून टायर रेशनवर आले. फेब्रुवारीत नव्या मोटारी बनवणं थांबलं. मे महिन्यात साखर आली. देशभरच्या शाळांत शिक्षक टेबलं मांडून बसले आणि माणशी एक अशी रेशनची पुस्तकं वाटली गेली. साखर माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम. नोव्हेंबरात कॉफी आली. पंधरा वर्षांवरच्या माणसाला पाच आठवड्यांना एक पौंड. १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोल. मोटारीच्या काचेवर अक्षराची चिठ्ठी डकवायची. ‘ए’ अक्षरवाल्याला आठवड्याला चार गॅलन, म्हणजे पंधरा लिटर. डॉक्टराला जास्त, शेतीच्या यंत्रांना वेगळं अक्षर. सगळ्यांना वेग ताशी पस्तीस मैल, कारण टायर झिजायला नकोत. फेब्रुवारी १९४३ मध्ये बूट आले, वर्षाला तीन जोड. मार्चमध्ये डबाबंद अन्न, मांस, चीज, लोणी.

आमच्या घरी माझी दादी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत ‘कंट्रोल’ म्हणायची. “कंट्रोलमध्ये साखर आली का बघ,” म्हणून मला पिटाळायची. हा शब्द आपल्याकडे त्याच युद्धानं आणला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, ते याच काळात. पण दादीच्या कंट्रोलमध्ये आणि रेड ओकच्या रेशनमध्ये एक फरक होता. तिथं पैशाबरोबर ‘पॉइंट’ही द्यावे लागत. डबाबंद भाज्या-फळांसाठी निळी कुपनं, महिन्याला माणशी अठ्ठेचाळीस पॉइंट. मांस-लोण्यासाठी लाल कुपनं, आठवड्याला सोळा पॉइंट. टंचाई असेल त्या वस्तूचे पॉइंट वाढत, मुबलक असेल त्याचे उतरत. म्हणजे प्रत्येक गृहिणीला दोन चलनांत हिशेब करावा लागे. दुकानदाराचं तर कंबरडंच मोडायचं. दिवसभर माल विकायचा, रात्री दिवाणखान्यात बसून कुपनं मोजायची, कागदावर चिकटवायची, कारण ती कुपनं वर पाठवल्याशिवाय घाऊक व्यापारी नवा माल देत नसे. १९४४ मध्ये सुट्टे पॉइंट परत द्यायला लाल आणि निळ्या छोट्या चकत्या निघाल्या, तेव्हा जरा सुसह्य झालं.

हे कुणी ठरवायचं? वर सरकारचं भाव-नियंत्रण खातं होतं, पण गावात निर्णय घ्यायचे ते गावातल्याच बिनपगारी मंडळानं. एखादा बँकवाला, एखादा दुकानदार, एखादा शिक्षक. शेजाऱ्याला नवा टायर द्यायचा की नाही, हे शेजाऱ्यानंच ठरवायचं. रविवारी चर्चमध्ये ज्याच्या मागच्या बाकावर बसायचं, त्याला सोमवारी ‘नाही’ म्हणायचं. पंचायतीत बसलेल्या कुणालाही विचारा, हे किती अवघड असतं ते. काळा बाजार तिथंही होताच. शेतकऱ्यानं घरचं डुक्कर घरी कापून खाल्लं तर पॉइंट लागत नसत, पण तेच मांस शहरातल्या मेहुण्याला विकलं की गुन्हा. किती मेहुणे त्या वर्षांत अचानक पाहुणे म्हणून आले असतील, याचा अंदाज आपला आपण करावा. तरीसुद्धा ही व्यवस्था टिकली. श्रीमंताला आणि गरिबाला साखर सारखीच, ही गोष्ट लोकांना पटली होती. त्याच १९४३ साली बंगालमध्ये तांदूळ ज्याच्याकडे पैसा त्यालाच मिळत होता आणि दुष्काळात तीस लाखांच्या घरात माणसं गेली. रेशनच्या रांगेला शिव्या देताना मला हा हिशेब नेहमी आठवतो.

मक्याच्या प्रदेशात बाजाराचा दिवस म्हणजे शनिवार, त्यातही शनिवारची संध्याकाळ. आठवडाभराची कामं उरकून शेतकरी कुटुंब मोटारीत बसून गावात यायचं. बायकांच्या हाती अंड्यांच्या पेट्या आणि सायीचे डबे. अंड्यांचे पैसे हे बाईचे पैसे, असा त्या भागातला अलिखित कायदा. त्यातूनच किराणा, कापड आणि पोरांच्या वह्या यायच्या. मंदीच्या काळात कित्येक घरं या अंड्यांनीच तारली होती. आता युद्धात अंड्याला सोन्याचा भाव आला. ब्रिटनला पाठवायला अंड्यांची भुकटी हवी होती आणि ती मक्याच्या प्रदेशातूनच मोठ्या प्रमाणात जायची. आपली कोंबडी लंडनच्या माणसाचा नाश्ता पुरवते, ही जाणीव त्या बाईला असणारच.

कापडाची टंचाई झाली तेव्हा बायकांनी कोंबड्यांच्या खाद्याची पोती वापरली. ही पोती सुती असत आणि कंपन्यांनी त्यांच्यावर फुलाफुलांची नक्षी छापायला आधीच सुरुवात केली होती. एका झग्याला तीन-चार पोती एका नक्षीची लागायची. म्हणून नवऱ्याला खाद्य आणायला पाठवलं तर चालायचं नाही, बाई स्वतः दुकानात जायची आणि ढिगाच्या तळाचं निळ्या फुलांचं पोतं मागायची. दुकानातल्या पोऱ्याला वरची दहा पोती हलवावी लागायची. शेजारणी-शेजारणींत नक्षीची अदलाबदल व्हायची.

पोरांनाही काम होतं. दहा-दहा सेंटांची तिकिटं वहीत चिकटवायची, पावणेएकोणीस डॉलर जमले की युद्धरोखा मिळायचा, तो दहा वर्षांनी पंचवीस डॉलरचा होणार. स्वयंपाकघरात उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे द्यायची, त्यातून ग्लिसरीन निघायचं आणि ग्लिसरीनमधून स्फोटकं. १९४२च्या उन्हाळ्यात पलीकडच्या नेब्रास्कात ओमाहाच्या ‘वर्ल्ड-हेराल्ड’ या वृत्तपत्रानं भंगार गोळा करायची मोहीम काढली. माणशी शंभर पौंडांवर लोखंड जमलं. या कामासाठी पत्राला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि ती मोहीम देशभर गेली. गंजलेले नांगर, जुन्या शेगड्या, बंद पडलेले ट्रॅक्टर. कित्येक गावांनी तर चौकात स्मारक म्हणून ठेवलेल्या आधीच्या युद्धाच्या तोफाही वितळवायला दिल्या.

शेतात माणसं कमी पडली ती वेगळीच कथा. त्याच वर्षांत आयोवातला जवळपास सगळा मका संकरित झाला होता. संकरित बियाणं करायचं तर मादी ओळींतल्या प्रत्येक झाडाचा तुरा पराग पडण्याआधी हातानं खुडावा लागतो. जुलैच्या उन्हात, अंगाला पात्यांचे ओरखडे घेत, मैलभर लांबीच्या ओळींतून. हे काम शाळकरी मुलांनी, मुलींनी आणि बायकांनी केलं. शेतीला आवश्यक असलेल्या तरुणांना सैन्यभरतीतून सवलत देणारा कायदा नोव्हेंबर १९४२ मध्ये झाला. त्यामुळे एका घरचा मुलगा ट्रॅक्टरवर आणि शेजारच्या घरचा आफ्रिकेत, अशी स्थिती आली. दोघांच्या आया त्याच दुकानात, त्याच रांगेत उभ्या राहायच्या. त्या एकमेकींशी काय बोलत असतील?

आता थोडं रेडिओबद्दल, कारण हे भाषणही रेडिओवरचंच आहे. रेड ओकच्या दक्षिणेला तीस किलोमीटरवर शेनँडोह नावाचं गाव. वस्ती सात हजारही नाही. पण या गावात दोन रेडिओ केंद्रं होती आणि दोन्ही बियाणांच्या व्यापाऱ्यांची. हेन्री फील्ड यांनी १९२४ मध्ये एक काढलं, अर्ल मे यांनी १९२५ मध्ये दुसरं. बियाणं विकता विकता गाणी लागायची, बाजारभाव सांगितले जायचे. फील्ड यांची बहीण लिआना ड्रिफ्टमायर १९२६ पासून बायकांसाठी ‘किचन-क्लॅटर’ हा कार्यक्रम करायची. १९३० मध्ये मोटार-अपघातात तिच्या पाठीचा कणा दुखावला आणि ती चाकांच्या खुर्चीला खिळली, तेव्हा ती घरातूनच बोलू लागली. स्वयंपाकघरात बसल्यासारखं. कमी साखरेचा केक कसा करायचा, भाज्या बाटल्यांत कशा भरायच्या, हे ती सांगायची. युद्धात तिचेही मुलगे सैन्यात होते. त्यामुळे तिचा आवाज ऐकणाऱ्या शेतकरी बायकांना वाटायचं, ही आपल्यातलीच आहे. बऱ्याच शेतांवर तेव्हा वीज पोचलेली नव्हती आणि तांब्याच्या टंचाईमुळे नव्या तारा ओढणं थांबलं होतं. रेडिओ बॅटरीवर चालायचा किंवा छपरावरच्या छोट्या पवनचक्कीवर. वारा पडला की आवाज क्षीण व्हायचा. बातम्यांच्या वेळेसाठी बॅटरी राखून ठेवायची, ही घराघरातली शिस्त.

आणि मग आला मार्च १९४३.

झालं होतं असं. नोव्हेंबर १९४२ मध्ये आयोवाची ही पोरं उत्तर आफ्रिकेत अल्जियर्सला उतरली. फेब्रुवारीत त्यांना ट्युनिशियात सिदी बू झिद या गावाजवळच्या उघड्या टेकड्यांवर बसवलं होतं. १४ फेब्रुवारीला जर्मन रणगाडे आले आणि टेकड्यांना वळसा घालून पुढे गेले. वर बसलेली पलटण वेढली गेली. पाणी संपलं, दारूगोळा संपत आला. १६ फेब्रुवारीच्या रात्री त्यांना निसटून जायला सांगितलं गेलं. वाळवंटातून अंधारात चालत निघालेल्या त्या पोरांना सकाळी सपाट मैदानात उजाडलं आणि जर्मन गाड्यांनी त्यांना घेरलं. फारच थोडे सुटले.

गावाला हे काही ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात कॅसरीन खिंडीतल्या पराभवाच्या बातम्या येत होत्या, पण नावं नव्हती. ६ मार्च १९४३ रोजी संध्याकाळी पहिली तार आली. तुमचा मुलगा कारवाईत बेपत्ता आहे, असं कळवणारी. मग दुसरी. मग आणखी. मध्यरात्रीपर्यंत दोन डझनांहून अधिक तारा त्या एवढ्याशा गावात आल्या. वार शनिवार होता.

आपल्याकडेही तार म्हटलं की काळजात धस्स व्हायचं. पोस्टमन सायकल लावून दाराशी उभा राहिला की वाचायच्या आधीच रडायला सुरुवात व्हायची. २०१३च्या जुलैमध्ये आपली तारसेवा बंद झाली, नव्या पिढीला ती भीती सांगूनही कळणार नाही. पण कल्पना करा, ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तिथं तार पोचवणारा एका दारातून निघून शेजारच्या दारात जातो, तिथून समोरच्या. कुणी कुणाचं सांत्वन करायचं?

एकट्या रेड ओकचे पंचेचाळीसच्या आसपास तरुण त्या एका लढाईत हरवले. शेजारच्या गावांचीही हीच गत. लाइफ साप्ताहिकानं मे महिन्यात गावाचं चित्र छापून देशाला हा आघात दाखवला. साडेपाच हजारांत पंचेचाळीस म्हणजे किती? सव्वा कोटी वस्तीच्या मुंबईला हेच प्रमाण लावलं, तर तो आकडा एक लाख होतो. एका लढाईत, एका बातमीत एक लाख. मंदीच्या दिवसांत एका डॉलरसाठी कवायतीला गेलेल्या पोरांची ही किंमत होती. गावच्या पोरांना एकाच तुकडीत ठेवलं की ती जिवाला जीव देऊन लढतात, हे खरं. पण ती तुकडी पडली की अख्खं गाव पडतं, हेही तितकंच खरं.

आणि सोमवारी दुकानं उघडलीच. गाई धारेला आल्या, अंडी गोळा करावी लागली. महिनाअखेरीस मांसाची नवी लाल कुपनं सुरू व्हायची होती, त्यांची पुस्तकं काढून ठेवावी लागली. पेरणीचे दिवस तोंडावर होते. बेपत्ता मुलाच्या वाट्याचं काम कुणीतरी केलंच. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत कळत गेलं की बेपत्तांपैकी बरेच जण जिवंत आहेत, जर्मनीत युद्धकैदी आहेत. खिडकीतल्या निळ्या ताऱ्याचा काही घरांत सोनेरी तारा झाला, म्हणजे मुलगा गेला. बाकीच्यांनी दोन वर्षं वाट पाहिली. पोरं जर्मन छावणीत रेड क्रॉसच्या डब्यांवर दिवस काढत होती.

आता या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग. रेड ओकपासून पस्तीस किलोमीटरवरच्या क्लॅरिंडा गावात सरकारनं युद्धकैद्यांची छावणी बांधली. १९४४च्या सुरुवातीला तिथं जर्मन कैदी आले, पुढे जपानीही आले. माणसांची टंचाई होतीच. शेतकऱ्यांनी अर्ज करायचा, चालू दरानं मजुरी सरकारात भरायची आणि कैदी कामाला न्यायचे. कैद्याच्या हाती पडायचे दिवसाला ऐंशी सेंट, तेही छावणीच्या दुकानात चालणाऱ्या कुपनांत. म्हणजे आयोवाचा पोरगा जर्मनीत कैदी आणि जर्मनीचा पोरगा आयोवाच्या शेतात मका काढतोय. काही अमेरिकी शेतकऱ्यांनी नियम मोडून या कैद्यांना घरच्या टेबलावर जेवू घातल्याच्या आठवणी त्या भागात सांगितल्या जातात. त्यामागचा विचार समजायला फार हुशारी लागत नाही. आपण याच्या पोराला नीट वागवलं, तर तिकडे कुणीतरी आपल्या पोराला नीट वागवील.

इथं भाषेचाही एक धागा आहे आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आयोवातली असंख्य शेतकरी घराणी मुळात जर्मन. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर, इतकंच काय चर्चमधल्या प्रवचनातही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल बायकांना दंड झाले. आपल्या आज्यांची भाषा लोकांनी गिळून टाकली. पंचवीस वर्षांनी त्याच शेतांत जर्मन कैदी आले आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ती गिळलेली भाषा पुन्हा तोंडी आणावी लागली, काम समजावून सांगण्यासाठी. ज्या भाषेला देशद्रोह ठरवलं होतं, ती आता मका काढायला उपयोगी पडली. भाषेला धर्म नसतो आणि शत्रुत्वही नसतं, हे मी मराठीत कविता लिहायला लागल्यापासून अनेकांना समजावत आलो आहे. आयोवाच्या शेतकऱ्याला ते समजावून सांगावं लागलं नसतं.

त्याच राज्याच्या पूर्व भागात सीडर रॅपिड्स नावाचं शहर आहे. तिथं लेबनॉनकडून आलेले मुसलमान विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राहत. आधी पाठीवर गाठोडं घेऊन शेतोशेती सुई-दोरा, कापड विकणारे फेरीवाले, मग किराणा दुकानदार. १९३४ मध्ये त्यांनी बांधलेली छोटीशी लाकडी मशीद आजही उभी आहे. या समाजातली पोरंही युद्धावर गेली. त्यांतला एक अब्दुल्ला इग्राम. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचं अक्षर कोरायचं असायचं, म्हणजे मेल्यावर अंत्यविधी कसा करायचा ते कळावं. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांना अक्षरं होती, मुसलमानाला नव्हतं. युद्ध संपल्यावर इग्राम यांनी हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत नेला आणि १९५२ मध्ये देशभरच्या मुस्लिम संस्थांचा संघ उभा करण्यात पुढाकार घेतला. देशासाठी मरायला चालतो, तर बिल्ल्यावर एक अक्षर का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मागणी एका अक्षराची होती, म्हणून मला ती फार मोठी वाटते.

रेड ओकची डिव्हिजन पुढे इटलीत गेली. १९४४च्या सुरुवातीला मॉन्ते कॅसिनोच्या डोंगरावर ती रक्तबंबाळ झाली, तेव्हा तिची जागा घ्यायला आली ती आपली चौथी भारतीय डिव्हिजन. थंडीनं आखडलेल्या कित्येक अमेरिकी सैनिकांना खंदकांतून उचलून बाहेर काढावं लागलं आणि त्यांच्या जागी भारतीय जवान बसले. आयोवाच्या मक्याच्या पोरांच्या जागी गंगेकाठची, पंजाबातली आणि राजस्थानातली पोरं. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मला त्या ओळीवर थांबावंसं वाटतं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. खरं सांगायचं तर युद्धानं या गावांना श्रीमंत केलं. दहा सेंटांचा मका डॉलरच्या वर गेला. १९४० ते १९४५ या पाच वर्षांत अमेरिकी शेतकऱ्याचं निव्वळ उत्पन्न दुपटीहून अधिक झालं. विकत घ्यायला ट्रॅक्टर नव्हता, मोटार नव्हती, म्हणून लोकांनी पैसा गहाणखतं फेडायला वापरला. ज्या शेतावर तीस वर्षं बँकेची सावली होती, ते मोकळं झालं. युद्ध संपल्यावरही दोन वर्षं शेतमालाला भावाची हमी राहील, असं सरकारनं वचन दिलं होतं. त्या हमीच्या सवयीतून पुढे धान्याचे डोंगर उभे राहिले आणि १९५४च्या पीएल-४८० कायद्यानं ते जहाजांत भरून परदेशी पाठवले गेले. आपल्याकडे रांगेत उभं राहून ज्यांनी अमेरिकी गहू घेतला, त्या पिढीच्या भाकरीचा एक धागा असा त्या युद्धापर्यंत जातो.

याचा अर्थ काय लावायचा? एका घरात त्याच वर्षी गहाणखत फिटलं आणि त्याच वर्षी तार आली. बापानं बँकेतून मोकळा झालेला कागद आणला असेल तेव्हा तो कुणाला दाखवला असेल? ज्याच्यासाठी शेत सोडवलं, तो ट्युनिशियाच्या वाळूत किंवा जर्मनीच्या छावणीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. ‘युद्ध आलं की धंदा वाढतो,’ असं हल्लीही चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोलून जातं. त्याचं म्हणणं खोटं नाही. फक्त धंदा वाढलेल्या गावात जाऊन विचारायला हवं, की नफ्याच्या वहीच्या समोरच्या पानावर काय लिहिलंय.

युद्धातून परतलेल्या पोरांपैकी अनेकांना शेतावर जागाच उरली नव्हती. ट्रॅक्टर परत मिळू लागले, शेतं मोठी झाली, माणसं कमी लागू लागली. युद्धाच्या पाच वर्षांतच देशातली शेतीवरची वस्ती साठ लाखांनी घटली होती, ती पुढे घटतच गेली. साखरेचं रेशन संपायला मात्र जून १९४७ उजाडलं. रेड ओकच्या नावानं ९ नोव्हेंबर १९४४ रोजी कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या गोदीत एक मालवाहू जहाज पाण्यात सोडलं गेलं, ‘रेड ओक व्हिक्टरी’. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या मक्याच्या गावाचं नाव घेऊन ते दारूगोळा वाहत पॅसिफिकमध्ये फिरलं. ते जहाज रिचमंडमध्येच संग्रहालय म्हणून जपलं गेलं.

२०२०च्या जनगणनेत रेड ओकची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपासच भरली. ऐंशी वर्षांत गाव वाढलं नाही. ज्या रेल्वे स्थानकावरून १९४१ मध्ये पोरं गेली, ते गावानं पाडलं नाही. दुरुस्त करून तिथं युद्धाचं छोटं संग्रहालय केलं. आजूबाजूला अजूनही मका उभा असतो, जुलैत त्याला तुरे येतात आणि बियाण्याच्या शेतांत ते खुडायला शाळेतली मुलंच जातात.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)